अम्मांचं राहिलेलं मंगलम

मंडळी,

कामाचा दिवस असून अम्मांना निरोप द्यायला तुम्ही सगळे आलात. कोणी लिमरिकहून गाडी चालवत आलंय, कोणी कारखान्यातली शिफ्ट बदलून. मला बोलायला उभं केलंय, पण काय बोलावं ते खरंच सुचत नाही. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, लोकांसमोर बोलताना रडायचं नाही, रडू आलंच तर थांबून घोटभर पाणी प्यायचं. त्या सिस्टर याच देशातून, आयर्लंडमधून आलेल्या होत्या. म्हणून हा ग्लास जवळ ठेवलाय. मी मध्येच थांबले तर समजून घ्या.

मी निखिलची आई. विशालाक्षी अम्मा माझ्या सुनेच्या, सुधाच्या आई. म्हणजे माझ्या विहीणबाई. दोन विहिणी, लिक्सलिपमधलं एक घर आणि एकच स्वयंपाकघर. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी मला विचारलंय, "कसं हो जमतं तुमचं?" मी सांगायचे, कुठे जमतं? रोज भांडतो. सकाळी कॉफी का चहा, इथपासून सुरुवात. मी आमटीत गूळ घातला की त्या चमचा खाली ठेवायच्या. "विहीणबाई, तुम्ही डाळीची मिठाई करता." मी म्हणायचे, "आणि तुम्ही चिंचेचा काढा करता." मग दोघी तेच जेवायचो.

आता ते वाटीतून चमचा खाली ठेवणं आठवतं आणि गूळ घालायला हात होत नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांना अम्मा म्हणजे सिनेमातलं ते एक गाणं. मलाही त्या तशाच माहीत होत्या. पण अम्मा लहानपणी कुंभकोणमला गुरूंच्या घरी शिकल्या. पहाटे ओट्यावर बसायचं, मांडीवर ताल धरायचा, गुरू म्हणतील तेच पुन्हा म्हणायचं. वडील अचानक गेले, घर चालवायला हवं, म्हणून त्या चेन्नईला आल्या. आधी कोरसमध्ये गायल्या, मग ते एक गाणं मिळालं. पोस्टरवर चेहरा नटीचा आणि गळा यांचा. त्यांना वाटलं होतं, गुरू आता दार लावून घेतील. गुरूंनी निरोप पाठवला, "पोट भरायलाच हवं. सिनेमात गा. पण माझ्याकडून घेतलंस ते सोडू नकोस."

त्यांनी सोडलं नाही. आयुष्यभर दोन्ही गायल्या. पण त्याचं झालं असं, की त्या कुठेही गायला बसल्या तरी तासाभरात मागून चिठ्ठी यायची, ते सिनेमाचं गाणं म्हणा. अम्मा म्हणायच्या. आणि ते गाणं संपलं की माणसं उठायची.

आता इथे एक सांगायला हवं. कर्नाटक संगीताची मैफल मंगलमनं संपते. छोटीशीच रचना असते. सगळ्यांचं भलं होवो, एवढंच मागणं. ती म्हटल्याशिवाय गाणारा उठत नाही, आणि ऐकणाऱ्यानंही उठू नये, अशी रीत. एकदा वाटाणे सोलता सोलता अम्मा मला म्हणाल्या, "विहीणबाई, मी जन्मभर मंगलम खुर्च्यांसमोर म्हटलं. इतका आशीर्वाद दिलाय, खुर्च्यांचं फार भलं झालं असेल."

मी हसले. त्याही हसल्या. पण हात वाटाण्यांवरच थांबले होते. त्यांना एकच हवं होतं हो. एकदा, फक्त एकदा, भरल्या सभागृहात शेवटपर्यंत बसलेल्या माणसांसमोर मंगलम म्हणायचं होतं.

मग आपल्या मराठी मंडळाची दिवाळी आली. तुम्ही गायला बोलावलंत. अम्मांनी अट घातली, सिनेमाचं गाणं म्हणणार नाही. आणि काय गायल्या त्या! तुम्ही होतात सगळे. एकानंही फोन काढला नाही. पोरंसुद्धा गप्प बसली होती. शेवटी त्यांनी सिंधुभैरवी रागातली एक छोटी रचना घेतली. तिचे सूर अगदी आपल्या भैरवीसारखे. आणि आपण पडलो पुण्या-नागपूरचे! भैरवी कानावर आली की कार्यक्रम संपला, हे आपल्या हाडात बसलंय. रचना संपली तशी तुम्ही टाळ्यांचा कडकडाट केलात, उभे राहिलात, मागे कुणीतरी म्हणालं, "चला, पुऱ्या गार होतायत." माइकवरून जेवणाची घोषणासुद्धा झाली.

तंबोऱ्यासारखा सूर धरणारी त्यांची श्रुतिपेटी चालूच होती. मंगलमसाठी अम्मांनी श्वास घेतलेला मी पाहिला. मग त्यांनी पेटी बंद केली.

घरी जाताना गाडीत मला तोंड वर करवेना. म्हटलं, "विहीणबाई, आमची माणसं चुकली." त्या केवढ्या हसल्या! म्हणाल्या, "अहो, आजवर लोक सिनेमाचं गाणं मिळालं म्हणून उठले. तुमचे लोक राग ओळखून उठले! कानानं ऐकत होते म्हणून उठले. पुढच्या दिवाळीला आधीच बजावेन, भैरवी झाली तरी बसून राहा."

पुढची दिवाळी यायच्या आधी गळ्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. आवाज परत आला नाही.

(थोडं पाणी पिते.)

आवाज होता तोवर रोज पहाटे त्या हळू आवाजात स्वर लावायच्या. भिंतीपलीकडची शेजारीण पहिल्यांदा घाबरून दारात आली होती, बाईंना काही होतंय का विचारायला. नंतर तीच म्हणायची, याशिवाय मला जागच येत नाही. अम्मा गेल्याचं कळल्यावर परवा ती दारात आली. माझा हात धरून उभी राहिली.

हॉस्पिटलमध्ये एका दुपारी अम्मांचे ओठ हलत होते. आवाज नाही. पांघरुणावर हात ताल देत होता. मला कळेना काय चाललंय. आमची नात मीरा शाळेतून आली, तिनं त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, शी'ज सिंगिंग द मंगलम." अम्मांनी डोळे उघडले. खोलीभर नजर फिरवली. मी आणि मीरा, दोघीच. त्यांनी हात थांबवला, तळवा वर केला. जणू विचारत होत्या, माणसं कुठायत? आणि आवाज नसलेलं हसू हसल्या. मंगलम अर्ध्यावरच ठेवलं.

काल मीरा म्हणाली, "आजी, मला येतं, मी म्हणते ना उद्या." सुधा म्हणाली, "नको गं. सुतकात मंगलम म्हणत नाहीत. अम्मानं स्वतः कधी म्हटलं नसतं." सुधाचं बरोबर आहे. त्यामुळे आज इथे कोणी मंगलम म्हणणार नाही.

मंडळी, आता उभं राहून शांतता पाळायची, अशी पद्धत आहे. मी हात जोडून विनंती करते, आज उभं राहू नका. आहात तिथेच बसा. फोन वाजला तरी, मागे चहाची किटली आली तरी, बसून राहा. मी वेळ मोजणार नाही. तुम्हीही घड्याळ पाहू नका.

विहीणबाई, सभागृह भरलेलं आहे. कोणी उठलेलं नाही. म्हणा तुम्ही.