बिनदोरीचं इरलं

(श्रावणातली सकाळ. औंढे गावाहून लोणावळा स्टेशनाकडे निघालेला टांगा. धुकं इतकं दाट की घोडीचे कान दिसत नाहीत. टांगा हाकतोय चाँदभाई. मागे ट्रंक सांभाळत बसलाय विमानदलातला पायलट सोपान, आणि त्याच्या शेजारी त्याचा मामा हौशीराम.)

हौशीराम: ...तर गाडी आठला हाय ना? मग लय टाइम हाय. चाँदभाई, दमानं घ्या. घोडी गाभण हाय.

चाँदभाई: कोण गाभण? माजी मैना?

हौशीराम: न्हाई? मग व्हईल. दमानं घ्या.

सोपान: मामा, दमानं नाही. आठची चुकली तर दुसरी थेट दुपारी. बारा वाजता मुंबईत विमान कंपनीच्या साहेबापुढं उभं राहायचंय मला. आज नाही पोचलो तर जागा दुसऱ्याला जाणार.

हौशीराम: जाऊ दे की.

सोपान: मामा!

हौशीराम: म्हंजी त्यो दुसराबी कुनाचा तरी भाचाच असंल, असं म्हनतो मी.

चाँदभाई: सोपान, कंपनीच्या इमानात कोन बसनार?

सोपान: शेठ, शेठाणी, टपालाच्या थैल्या. मुंबईहून उडायचं, कराचीला उतरायचं, परत यायचं. पगार दुप्पट.

हौशीराम: म्हंजे टांगाच म्हना. सवारी घ्यायाची, सवारी सोडायाची.

चाँदभाई: ओ हौशीराम, टांग्याला नाव ठेवू नगा. उतरवीन हितंच. धुक्यात घर घावायचं न्हाई तुमास्नी.

हौशीराम: नाव कुटं ठेवलं? मी तर भाच्याला तुमच्या पंक्तीला बशिवला.

चाँदभाई: साकव आला, धरून बसा. फळ्या वल्या हाएत. हां... ऐका, कशी वाजतीया मैना. ढोलकीवानी.

सोपान: अजून तसाच वाजतो! शाळेत जाताना मी मुद्दाम उड्या मारायचो यावर. औंढ्यापासून स्टेशनापर्यंत ओढ्यावर हा एकच साकव. इथं आलं की समजायचं, निम्मी वाट सरली.

हौशीराम: सरली का? बरं झालं. आनि त्यो कागुद कुटं हाय, सरकारी?

सोपान: खिशात. युद्ध संपलं, तेव्हा विमानदलानं सगळ्यांना विचारलंय, राहणार की जाणार. मी 'जाणार' लिहिलंय. मुंबईचं काम झालं की तिथूनच टाकतो टपालात.

चाँदभाई: दाखीव बरं. इंग्रजी वाचता येत न्हाई, पर बघतो... आरं, ह्ये तर पेन्सिलीनं लिवलंय! सरकारी कागुद पेन्सिलीनं?

सोपान: घाईत पेन सापडलं नाही.

हौशीराम: पेन तर खिशाला लटाकतंय तुज्या.

सोपान: चाँदभाई, पुढं बघून हाका.

चाँदभाई: फुडं काय बघू? फुडं काय हाय? म्या लगाम सैल सोडलाय. मैनाच नेतीया.

हौशीराम: सोपाना, खरं सांग, ढगात शिरलं की असंच दिसतं?

सोपान: अस्संच. पांढरं. वर नाही, खाली नाही. आणि पहिल्यांदा काय होतं सांगू? आपलं अंगच खोटं बोलायला लागतं. विमान वळत असतं, आणि अंग सांगतं, सरळ चाललोय. अंगाचं ऐकलं की संपला माणूस.

चाँदभाई: या अल्ला. मग ऐकायचं कुनाचं?

सोपान: समोर काटे असतात, घड्याळ असतं. त्यांच्याकडं बघायचं आणि मनात मोजत राहायचं. किती मिनिटं झाली, किती वळणं झाली. काटा बिघडला तर जे मिळेल ते धरायचं, पण मोजणं सोडायचं नाही.

हौशीराम: कायम मोजता?

सोपान: सवयच लागते. मग सुटत नाही.

हौशीराम: आत्ताबी... मोजतूस?

सोपान: आत्ता कशाला? आत्ता चाँदभाई आहेत ना.

चाँदभाई: हां. म्या हाय ना. आरामात बस.

हौशीराम: लय चांगलं. मग ढगातनं वर आल्यावर?

सोपान: वर आल्यावर ऊन. एकदम. डोळे दिपतात. खाली नुसता कापूस पसरलेला, आणि त्यातून तिकोण्याचं टोक वर आलेलं, पलीकडं तुंग, लोहगडाची कड. समुद्रातल्या बेटांसारखी. बाकी आपला मावळ कुठं आहे, पवनेचं पाणी कुठं आहे, काही पत्ता नाही. मी एकटा आणि माझी सावली. सावलीभोवती इंद्रधनुष्याचं कडं असतं, मामा. गोल. ढगावरून आपल्या बरोबरीनं पळत असतं.

चाँदभाई: गोल? अख्खं?

सोपान: अख्खं. जमिनीवरून अर्धंच दिसतं, वरून पूर्ण.

चाँदभाई: सुभानल्ला. कराचीला जाताना दिसंल का ह्ये?

सोपान: दिसेल. पण मागं शेठाणीला मळमळत असेल.

हौशीराम: आनि त्या दिशी? लावनीच्या टायमाला आमच्या डोक्यावं आलास, तवा?

सोपान: त्या दिवशी पुण्याच्या आमच्या तळावरून निघालो होतो, परत जायची वेळ झालेली. तेवढ्यात कापसाला भोक पडलं. एवढंसं. त्यातून हिरवा चौकोन दिसला, आणि चौकोनात ओळीनं पाठीवर पानांची इरली घेतलेल्या बाया. किडे बसावेत तशा. मला ते खाचर ओळखू आलं. त्यातलं एक इरलं आईचं, एवढंच डोक्यात आलं. हात कधी खाली गेला आणि विमान कधी खाली आलं, कळलंच नाही.

हौशीराम: खोऽऽक! खॉक खॉक! आर द्येवा... ढास लागली...

सोपान: काय झालं? पाणी देऊ?

हौशीराम: नगं! खॉक! धुकं गेलं घशात... खॉऽऽक!

चाँदभाई: खोका, खोका, आजून जोरात! मोकळं व्हा! आजून... झालं. झालं, आता ऱ्हाऊ द्या.

हौशीराम: हां. ग्येली बग ढास. एकदम.

सोपान: कमालच आहे.

हौशीराम: वयच झालं. तर काय, हात खाली ग्येला. आनि मग सा आटवडे जिमिनीवं बशिवलं तुला.

सोपान: येत्या सोमवारी संपतात. गोदामात घोंगड्या झटकतोय. बरोबरच आहे म्हणा, इतकं खाली यायची परवानगी नसते. पण कळलंच नसतं कुणाला. कुणीतरी पत्र धाडलं साहेबाला.

हौशीराम: पत्र? कुनी बरं?

चाँदभाई: मैना, चल ग, चल. तुज्यावर न्हाई आलं.

हौशीराम: आसंल कुनी नतद्रष्ट. कामशेतचा असंल. तितं लय नतद्रष्ट मान्सं.

सोपान: मामा, त्यात लिहिलंय, 'विमान इतके खाली होते की पायलटचे कान दिसले, आणि ते त्याच्या बापासारखेच आहेत.' माझ्या वडिलांच्या कानांची थट्टा जन्मभर कुणी केली?

चाँदभाई: घ्या! म्या म्हनलं हुतं, कान नगा घालू.

हौशीराम: तुमी गप ऱ्हावा. तुमच्याच मेव्हन्यानं इंग्रजी केलं त्येचं.

चाँदभाई: इकबाल बंगल्यावर बटलर हुता साहेबाचा! फस्कलास इंग्रजी हाय त्येचं!

हौशीराम: सोपाना... आता झाकून काय उपेग. म्याच धाडलं. तक्रार न्हवती रं. आभार हुतं. म्हनलं, साहेबाला कळंल, पोरगं केवड्या खालनं हाकतंय, खूश व्हईल, बढती दील. तारीख, टाइम, समदं नीट घातलं, म्हंजी साहेबाला हुडकाया नगं. गावानं अंगठे उठावलं खाली. साठ अंगठे!

सोपान: एकसष्ट. साहेबांनी मोजले.

हौशीराम: मला ठावं न्हवतं, शाबासकीनंबी गुन्हा व्हतो. म्याच तुजं वाटूळं केलं. म्हनून तू चाललास, न्हवं?

सोपान: नाही मामा, पत्रामुळं नाही. ब्रह्मदेशात गेलो तेव्हा अठरा जण होतो. सहा तिकडंच राहिले. पाच जण कागद देऊन गेले. सात उरलो. जेवायचं मेज मात्र तेवढंच मोठं. सगळे एका टोकाला सरकून बसतो आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मी दोनदा अर्ज केला, नव्या पोरांना उडवायला शिकवतो म्हणून. दोन्ही वेळा अर्ज साहेबाच्या मेजावरच राहिला. माणूस किती दिवस भात कालवत बसणार?

हौशीराम: पर साहेब लोक तर बोजा बांदाया लागल्यात म्हनं. त्ये ग्येल्यावं इमानं कोन शिकवनार पोरांना? चाँदभाई?

चाँदभाई: शिकवीन की! लगाम धर, शिवी दे, झालं.

सोपान: तसे तुम्ही वाईट नाही, चाँदभाई. धुक्यात हात कापत नाही तुमचा.

हौशीराम: आनि पत्राचं काय केलं साहेबानं? फाडलं?

सोपान: नाही. मला समोर उभं केलं आणि स्वतः वाचलं. चेहरा दगडासारखा, पण मिशा हलायला लागल्या. शिक्षा लिहिली. म्हणाला, "चार वर्षं इथं आहे मी. आजवर कुणी आभार मानले नाहीत आपले." आणि पत्र नेऊन जेवायच्या खोलीत भिंतीवर लावलं.

हौशीराम: टांगलं? गावाची फजिती केली?

सोपान: मलाही तसंच वाटलं, चार दिवस जेवायला गेलो नाही. मग एकदा गेलो, तर एकजण उभा राहून इकबालचं इंग्रजी मोठ्यानं वाचत होता, आणि बाकीचे रडेपर्यंत हसत होते. वर्षभरात त्या खोलीत पहिल्यांदा आवाज झाला. आता रोज एकाची पाळी असते.

हौशीराम: रोज? मग म्हनून दाखीव की रं. मोठ्यानं! आक्षी तितं म्हनता तसं!

चाँदभाई: हां, आत्ताच्या आत्ता! मोठ्यानं!

सोपान: "परमदयाळू विमानसाहेब यांसी. आम्ही औंढेकर, गुडघाभर चिखलात उभे राहून, आभाळभर सलाम करतो..."

चाँदभाई: वाहवा! क्या बात है! आजून मोठ्यानं!

सोपान: "आपल्या विमानाने आमच्या अकरा बायांची इरली ओढ्यात नेली. त्याबद्दल काही म्हणणे नाही..."

हौशीराम: वा रं माज्या भाच्या! हाऽऽ हाऽऽ! आरडून म्हन!

सोपान: "पुढच्या वेळी येताना जांभळीच्या डाव्या अंगाने यावे, उजवीकडे म्हैस बांधलेली असते. आणि दर गुरुवारी आलात तर पोरे शाळेला तरी जातील, कारण विमान शाळेवरूनच चांगले दिसते."

हौशीराम: ह्ये गुरुवारचं माजं हाय. सोताचं.

सोपान: साहेबांनी त्याखाली निळ्या पेन्सिलीनं रेघ मारलीय.

चाँदभाई: श्श. शिट्टी.

हौशीराम: कुटं? त्यो... त्यो मोर असंल.

सोपान: आठची मुंबई. निघाली.

हौशीराम: ग्येली? आरंरंरं! आसं कसं झालं! चाँदभाई, वाट चुकला काय तुमी?

चाँदभाई: म्या? धुकं हो! मैना चुकली! आजपातूर कवा चुकली न्हाई, कसम...

सोपान: मामा, साकव तीनदा आला.

हौशीराम: तीनदा? कवा कवा?

सोपान: पहिल्यांदा चाँदभाईंनी स्वतःच सांगितलं. दुसऱ्यांदा तुम्हाला ढास लागली. तिसऱ्यांदा मी पत्रातल्या म्हशीपाशी आलो होतो. तुम्ही कितीही ओरडलात तरी फळ्या वाजल्याच.

चाँदभाई: मैना, तुजं पाय लय जड हाएत ग.

हौशीराम: सोपाना, मार मला. काठी हाय बग टांग्यात. पर दुसऱ्यांदाच कळलं हुतं तर बोलला का न्हाईस? टाइम हुता तवा. ह्यो चाँदभाई पळवीत न्येता.

सोपान: हो. वेळ होता.

हौशीराम: मग?

सोपान: तुम्ही ढगावरचं विचारत होतात. सांगायचं राहिलं असतं.

चाँदभाई: ...मग आता कुटं नेऊ? घरी?

सोपान: स्टेशनावर. पुण्याला तळावर परत जायची गाडी साडेनवाला आहे. आणि चाँदभाई, आता साकव परत नको.

चाँदभाई: न्हाई. बिलकुल न्हाई.

हौशीराम: एक सांगू? ती इरली ओढ्यात ग्येल्यावं समद्या बायांनी नव्या इरल्यांना दोऱ्या लावून घेतल्या. परत इमान आलं तर उडाया नगं म्हनून. तुज्या आईनं न्हाई लावली.

सोपान: का?

हौशीराम: म्या इचारलं. म्हनली, इरलं उडालं तवा पाठ ताठ करून वर बगितलं. लावनीच्या वक्ताला पयल्यांदा.

सोपान: ...तिला सांगा, दोरी लावून घे. आता मी नियमानंच उडणार. वरून.

हौशीराम: सांगीन. पर लावायची न्हाई ती.