अर्ध्या तोंडाची सफाई

माहा बाप बँडात क्लारनेट वाजवे, त्याचा बाप सनई वाजवे, म्हणजे आमच्या खानदानानं फुंकूनच पोट भरलं, अन् मी रज्जाक मास्तर, अकोल्यात जन्मलो अन् अकोल्यातच फुंकत राह्यलो, असंच लिहा. काय सांगू तुमाले, क्लारनेट वरच्या समोरच्या दोन दातायवर टेकते, दात हालला का सूर हालला, पण आमच्या बँडमालकाले हे जलमभर समजलं नाही, त्याले वाटे मास्तर फुगे फुगवते.

तर ते कापसाचे वाईट वर्षं होते. गावोगाव लग्नं सामूहिक होऊ लागले, एका मांडवात पंधरा नवरदेव अन् बाजा एक, मंग मालक म्हणे आता ज्याचा सूर चांगला त्याचाच बँड जगन, मास्तर, सारं तुमच्यावर हाय. अन् तवाच माह्या हिरड्यांतून रगत येऊ लागलं. धारणीकडच्या एका गावात ऐन वरातीत पांढऱ्या ड्रेसवर सांडलं, तं नवरदेवाची आत्या म्हणे बाई बाई, बाजेवाल्याले टीबी हाय, अन् मले पाण्याचा गिलास हातात नाही देला, दुरून जमिनीवर ठेवला.

जठारपेठेत एक दाताची डॉक्टरीण होती, अमरावतीची पोरगी. तिनं पाह्यलं अन् म्हणे काका, दात चांगले आहेत, हिरड्या सडल्यात, आत मुळापर्यंत किटण बसलंय, ते खरडून काढावं लागेल, आज उजवी बाजू करते, आठ दिवसांनी डावी. किटण म्हणजे कढईच्या बुडाले बसते तसंच, माह्या दाताले बसेल होतं. सुई देऊन हिरडी बधिर केली अन् हिरडीच्या आत औजार घालून मुळं खरडले, दुखलं नाही पण ते खरखर लय बेसूर वाजे. गुटख्याच्या पुड्या बंद करा म्हणे, केल्या बावा बंद.

घरी येऊन आरशात पाह्यलं तं उजव्या दातायच्या मंधात फटी, किटण होतं तथी मोकळं, जीभ जाये. माहा साळा सत्तार, त्याचं मोटारपार्टचं दुकान हाय, दातातलं त्याले काय समजते तं काहीच नाही, पण बोलाले सगळ्यायच्या पुढं. तो म्हणे दुल्हाभाई, किटण हेच तं दाताचं सिमेंट, तेच काढून टाकलं तं दाताले धरन कोन, आता एकेक पडतीन पाहा. मालकही म्हणे लग्नसराई आली मास्तर, डावी बाजू राहू द्या. साऱ्या मोहल्ल्यात एक अकलेचा माणूस नाही निंगाला का म्हणन, अबे, जाऊन डॉक्टरणीलेच इचार. मी तरी कोन्ता अकलेचा होतो, सत्तारचं ऐकणारा. डॉक्टरणीनं दोनदा निरोप धाडला, काका, किटण निघालं, सूज उतरली म्हणून फटी दिसतात, भिऊ नका, डावी बाजू राहिली आहे. मी म्हटलं, लग्नं उरकू द्या.

लग्नं उरकले. उजवी हिरडी गुलाबी होऊन घट्ट बसली, रगत बंद. मी तरीही गेलो नाही, सत्तार म्हणे थोडं थांबा, मी थांबलो. अन् डावीकडं ते सिमेंट तसंच होतं ना, तं त्या सिमेंटनं एकेक दात सोडला, समोरचा डावा तं वाजवता वाजवता क्लारनेटवरून हातात आला. मंग धावलो डॉक्टरणीकडं. ती रागावली असती तं बरं वाटलं असतं, तिनं पाह्यलं अन् हळूच म्हणे काका, आता खरडून उपयोग नाही, दात धरायला हाडच राहिलं नाही.

एका दातावर क्लारनेट टेकत नाही, तिरपं होते अन् बाजूनं वारा निंगते. कवळी लावून पाह्यली, फुंकलं का कवळीच सरकते. बापाचं क्लारनेट दुसऱ्या मास्तरले देलं, ते देताना रडलो मी, लपवत नाही. आता मांगच्या रांगेत खुळखुळा हालवतो, त्याले दात लागत नाही अन् अक्कलही लागत नाही. सत्तार साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरून राहिला का दुल्हाभाईनं इलाज अर्धा सोडला, डॉक्टरणीचं ऐकाले पाह्यजे होतं. ऐका आता. अल्ला त्याचे बत्तीसही दात सलामत ठेवो, वरातीत मले पाहून हासाले कामी येतात.