पुडा कोन पास करते

माझं माहेर देवरीकडच्या जंगलातलं, सासर इकडं इटियाडोह धरनाच्या अंगाचं, पन काम दोन्हीकडं एकच, उन्हाळा लागला का बिडीचा तेंदूपत्ता तोडाचा, पुडे बांधाचे आन् फडीवर, पत्ता मोजून घेतेत तिथं, न्याचे. फडीवर ठेकेदाराचा मुन्शी बसे, तो पुडा उलटापालटा करे, हा चालते, हा नाही चालत म्हने, आन् बाजूले फेकून दे. मले लहानपनापासून विचाराची खोड, मी विचारो, काऊन नाही चालत? तो म्हने, तुले कायले पायजे, पुढं सरक.

मंग जंगलाचा हक्क गावाले भेटला. ग्रामसभेत ठरलं का आता ठेकेदार नाही, पत्ता गावच बाजारात इकन. पुडे कोन तपासन, तं माझा नवराच म्हने, हिले बसवा, हिले लय प्रश्न पडतेत. सारे हासले, पन हात वर झाले. काय सांगू बाई तुमाले, जनमभर मी मतं देल्ली, मले कोनी मत देल्लं ते पयल्यांदा.

पयल्याच दिवशी माझी ननंद आली, सुरता. नवरा वारला तिचा, आमच्याच घरी राहते. तिच्या पुड्यात अर्धे पानं किडके. मांगं बाया उभ्या, साऱ्या पाहून राहिल्या. हिचा ठेवला तं उद्या साऱ्याइचे किडके येतीन, मंग गावाचा माल कोन घेईन? मी पुडा वापस केला. भोकं दाखवले, याची बिडी होत नाही म्हटलं. ती म्हने, वैनी, मुन्शी बरा होता, तो परका तरी होता. चार दिवस ती ताट घेऊन एकटीच आंगनात बसे. मले वाटे, आता आपलंच राज आहे तं मंग हे मले जड काऊन जाते? मुन्श्याले शिव्या देऊन मोकळं होता ये. आता शिव्या कोनाले द्याच्या?

पुढच्या सभेत सुरता उभी झाली. कधी तोंड न उघडनारी बाई, म्हने, वैनीचे पुडे कोन तपासते? खरंच कोनीच तपासत नोहतं, मंग मीच म्हटलं, तूच तपास.

तवापासून दोघी बसतो फडीवर. ती माझे पाहते, मी तिचे. यंदा तिनं माझे दोन पुडे वापस केले. मले राग आला, घरी येऊन आता मीच आंगनात जाऊन बसली, तिनं चहा आनून देल्ला.

हे स्वातंत्र्य का दुसरं काही, मले सांगता नाही येत. तुमी शिकलेल्या, तुमच्या हापिसात साहेबाचं काम कोन तपासते, एखाद्या दिवशी विचारून पाहा, आन् मले येऊन सांगा. सुखी राहा.