जानकीबाईंची सहा फुटी फळी

मंडळी, एक सांगा — आजाऱ्याचा भार कुणी उचलावा? सरकारनं, का शेठजींनी? पुढचे म्हणतात, सरकारनं. मागं पान खात बसलेले म्हणतात, शेठजींनी. स्वतःचं नाव कुणीच घेत नाही! असो. ऐका.

वेळवंडीचे भुसार व्यापारी काशिनाथशेठ. त्यांची बायको जानकीबाई वाहन मिळेना म्हणून बैलगाडीतच गेली, तालुक्याच्या अर्ध्या वाटेत. शेठच्या जिवाला ते कायम लागून राहिलं. म्हणून त्यांनी सरकारी दवाखान्याला नवी कोरी रुग्णवाहिका दिली. ठरलं असं — गाडी शेठची. ड्रायव्हर, डिझेल आणि स्ट्रेचर सरकारचं.

शेठनी गाडीवर लावायला सहा फुटी फळी रंगवून आणली — 'कै. जानकीबाई यांच्या स्मरणार्थ'.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "शेठ, नियमात वीतभर पाटी बसते."

"साहेब, माझी बायको वीतभर नव्हती."

झालं! चार महिने पत्रव्यवहार. पाटी ठरेना म्हणून उद्घाटन नाही. उद्घाटन नाही म्हणून डिझेल नाही, स्ट्रेचर नाही. गाडी शेडमध्ये, ताडपत्री पांघरून. शेठ रोज सकाळी येऊन पुसायचे. देवघरातला देव इतका कुणी पुसत नाही हो!

एका दुपारी शेठ नि साहेब त्याच पाटीवरून वाद घालत होते. तेवढ्यात शेठचा हमाल रावजी धापा टाकत आला. "शेठ, पोरगी बाळंतपणात अडलीय. तालुक्याला न्यायला सांगितलंय."

शेठनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी शेठकडं.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत थांबते का, असं तिला विचारून येऊ?"

शेठच्या डोळ्यांपुढं ती बैलगाडी आली. त्यांनी ताडपत्री ओढून काढली. साहेबांनी डिझेलला खिशातून पैसे दिले. पण पोरगी वरच्या वाडीत, तिथं गाडी चढेना — आणि स्ट्रेचर? ते अजून कागदावर!

शेठनी गाडीत पडलेली फळी उचलली. पोरीला तीवर निजवलं. पुढून शेठ, मागून साहेब, उतारानं खाली. जानकीबाईंच्या नावावर निजून ती पोरगी वेळेत पोचली. मायलेकी दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी पेंटर म्हणाला, "शेठ, अक्षरं खरवडलीत. नवी काढू?"

शेठ म्हणाले, "नको. फळी गाडीतच ठेव. लागते."

तर मंडळी, भार कुणी उचलावा, विचारलं होतं ना? फळीला दोन टोकं असतात. एकच धरलं, तर आजारी घसरतो. आता आपल्या गावच्या दवाखान्याच्या शेडमध्येही ताडपत्रीखाली काय उभंय, ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. देवाचं नाव घ्यायला आणखी बसू हो; पण उद्या सकाळी शेडपाशी या — पुढचे पुढच्या टोकाला, पानवाले मागच्या.