बाबांचा मॉनिटर

मॉनिटरचं विचारतोयस ना, ऐक. मी, माझी मुलगी सई आणि बाबा असे तिघं मॉनिटर घ्यायला डोंबिवलीहून ठाण्याच्या एका दुकानात गेलेलो. सईने गेम खेळायला एक वळलेला मॉनिटर पसंत केलेला. मला रेल्वेची ऑनलाइन तिकिटं काढायला कुठलाही चालला असता. तेवढ्यात दुकानदाराने शेजारच्या मोठ्या स्क्रीनवर बातम्या उघडून अक्षरं मोठी केली. नजर अधू झाल्यापासून बाबांनी पेपर सोडलेला. ते स्टूल ओढून बसले आणि दिवा गावातल्या पाणीटंचाईची अख्खी बातमी मोठ्याने वाचून काढली.

सई दुकानदाराला म्हणाली, "तो वळलेला नको, हाच द्या. ह्याच्यावर गेम चालेल ना?"

स्क्रीनवरून नजर न हलवता बाबाच म्हणाले, "चालेल की. माझा पेपर वाचून झाला की."