तीन मोती

(मोत्यांच्या दुकानामागची खोली. दोरा बदलायला आणलेली माळ सोडवून मोती ताटलीत ठेवलेत. माळेची मालकीण, काकू, बाहेर बसल्या आहेत.)

बहीण : दादा, आधी दार लोटून घे.

दादा : दोरा बदलायला एवढा वेळ? काकू ताटकळल्यात बाहेर.

बहीण : हे भिंग धर. या मोत्याच्या भोकात बघ.

दादा : बघितलं.

बहीण : नीट बघ. वर पातळ थर, आत मणी, मध्ये रेघ. शिंपल्यात माणसानं मणी घालून पिकवलेला मोती आहे हा.

दादा : म्हणजे मोतीच ना? काच तर नाही विकली आपण!

बहीण : काच असती तर दातावर घासूनच कळलं असतं. हा कल्चर आहे, आणि मी कागदावर 'नैसर्गिक' लिहून सही केलीय. एक्कावन्न मोत्यांत नैसर्गिक निघाले फक्त तीन. टोकांचे दोन आणि मधला.

दादा : योगायोग.

बहीण : मला काय खुळी समजतोस? बाकीच्यांना घट्ट गाठी, भोक दिसतच नाही. पारखायला या तिन्हींपाशीच सैल गाठ ठेवायची, ही बाबांची पद्धत. सही करताना मी तेवढेच तपासते. ती ठाऊक आपल्या दोघांनाच. आणि माळ ओवलीस तू.

दादा : बाबांमागे दुकान बुडत होतं, छोटे.

बहीण : म्हणून मला फसवलंस?

दादा : तुला ठाऊक नसलं तर तुझ्या मनाला टोचणी नको, म्हणून बोललो नाही.

बहीण : केवढे उपकार! अशा आणखी किती माळा?

दादा : कशाला उकरून काढतेस?

बहीण : किती?

दादा : पाच-सहा. सही सगळ्यांवर तुझीच. माझं नाव कुठंच नाही. तोंड उघडलंस तर कोण अडकेल, बघ विचार करून.

बहीण : सख्खा भाऊ ना तू?

काकू : येऊ का आत? बसून बसून पाय आखडले बाई.

दादा : या ना, काकू! झालंच. ओवायला घे गं.

काकू : होऊ दे सावकाश. लेकीला द्यायचीय. जावई म्हणत होते, एक्स-रे काढून खात्री करू. मला रागच आला. म्हटलं, ताईंची सही आहे, आणखी काय हवं?

दादा : अगदी बरोबर बोललात.

बहीण : काढा एक्स-रे, काकू.

दादा : छोटे!

बहीण : ओवत नाही मी, मोती सुटेच न्या. आणि माझ्या सहीचा तो कागदही दाखवा त्यांना.