डॉक्टर क्वान्सांना एक चुटकी

आदरणीय अध्यक्ष नाना एसिलफी, व्यासपीठावरचे पाहुणे, केप कोस्टच्या आपल्या दवाखान्यातल्या परिचारिका आणि समोर बसलेल्या माझ्या ल्युपसवाल्या मैत्रिणींनो,

मी मान्सा आर्कोफुल. बाजारामागे बायकांच्या वेण्या घालते. मला दोन मिनिटं दिली आहेत. कृपया कुणी घड्याळ दाखवू नका.

आज निवृत्त होणाऱ्या डॉक्टर एबो क्वान्सांचं मी काय कौतुक करणार? हा माणूस लोकांचे कान बघतो. नाना, हसू नका, मघाशी गळाभेट घेताना तुमचेही बघून झालेत!

अकरा वर्षांपूर्वी माझे सांधे धरले, केस गेले, लघवीला फेस यायला लागला, ताप हटेना. आधीच्या डॉक्टरांनी विलायती पुस्तक उघडलं. त्यात गोऱ्या बाईच्या गालांवर गुलाबी चट्टे. माझ्याकडे बघून म्हणाले, "लाली नाही, म्हणजे ल्युपस नाही. मलेरियाच्या गोळ्या घ्या." अहो, या काळ्या गालांवर लाली दिसायला मी काय टोमॅटो आहे?

मग क्वान्सांकडे गेले. त्यांनी हात मिळवला. हात सोडताना आपल्या रीतीप्रमाणे एकमेकांच्या बोटाला बोट लावून चुटकी वाजवायची, ती काही माझ्याकडून वाजेना.

"ताई, चुटकी कुठे हरवली?"

"बोटं आखडलीत, डॉक्टर."

त्यांनी माझ्या कानात डोकावून पाहिलं. आत काळे डाग. "आता केसांचा टोप काढा."

"वेण्या घालणारीनं टोप काढायचा? धंदा बसेल माझा!"

"लघवीला फेस येतो म्हणालात ना? टोप वाचवायचा की मूत्रपिंड, तुम्हीच ठरवा."

काढला बाई! डोक्यावरही तेच डाग. रक्तात ल्युपसची प्रतिपिंडं निघाली, माझ्याच अंगावर उलटलेली. "ही आपल्या लोकांत जास्त सापडतात," ते म्हणाले, "आणि हा आजार आपलं मूत्रपिंडही लवकर धरतो. पण तुम्ही वेळेत आलात." त्या दिवशी मी ढसाढसा रडले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आज मीच सांगतेय.

त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई, पुस्तकं खुशाल वाचा, पण आमच्या कानांत डोकवायला विसरू नका.

सर्वांचे मनापासून आभार. थट्टा जास्त झाली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर वेण्यावालीची जीभ समजून पोटात घाला. मूत्रपिंड अजून शाबूत आहे. बोटांचं मात्र खरं सांगू? कालपर्यंत घरी सराव करत होते. डॉक्टर, हात द्या. अहो, कुणीतरी माईक जवळ धरा.

वाजली! मागच्या रांगेत ऐकू आली ना?